अनाथोथचें शेत

उद्धार, मुक्ति, तारण हे शब्द आपल्या धार्मिक वाङ्मयांत इतक्या वेळां येतात कीं, त्यांचा उच्चार होतांच मनापुढें एक ठराविक चित्र उभें राहतें: जन्ममरणाचा फेरा, त्यांत सांपडलेला जीव, आणि शेवटीं त्याची सुटका. इब्री संदेष्ट्यांचे ग्रंथ मराठींत वाचूं लागणाऱ्या वाचकाची पहिली अडचण येथेंच होते. शब्द ओळखीचे असतात, परंतु त्यांच्या पाठीमागची समाजव्यवस्था निराळी असते. यशया आणि यिर्मया ज्या उद्धाराविषयीं बोलतात तो मनुष्याला संसारांतून बाहेर काढीत नाहीं. तो त्याला त्याच्या शेतांत, द्राक्षमळ्यांत आणि भाऊबंदांत परत आणून बसवितो. ज्या ईश्वरनिष्ठेची ते मागणी करितात तिलाहि व्यवहारांत कांहीं तरी करून दाखवावें लागतें, आणि त्यासाठीं पदरचें खर्चावें लागतें. प्रस्तुत लेखांत ही गोष्ट एका खरेदीखताच्या आधारें स्पष्ट करण्याचा विचार आहे. इ. स. पूर्वी ५८८ किंवा ५८७ मध्यें, शत्रूनें वेढलेल्या यरुशलेम शहरांत, कैदेंत असलेल्या यिर्मयानें अनाथोथ गांवचें एक शेत विकत घेतलें, त्याचें तें खत होय.

प्रथम शब्दाचा विचार करूं. इब्री भाषेंत उद्धारकर्त्याला 'गोएल' म्हणतात. हा शब्द मूळचा देवळांतला नसून घराण्याच्या कायद्यांतला आहे. लेवीय या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत त्याचा अर्थ उघड होतो. एखाद्या इस्राएल मनुष्यानें गरिबीमुळें आपली जमीन विकली, तर त्याच्या जवळच्या नातलगानें पुढें होऊन ती सोडवावी. तो कर्जापायीं परक्याच्या घरीं दास होऊन राहिला, तर भावानें, चुलत्यानें किंवा चुलतभावानें किंमत भरून त्याला सोडवावें, असा तेथें नियम आहे. नातलगाचा खून झाल्यास त्याचा जाब घेणें हेंहि गोएलाच्याच माथीं असे. रूथच्या कथेंत बवाज गांवच्या वेशींत दहा वडीलधाऱ्या माणसांसमक्ष जें काम पत्करतो तें याच जातीचें: एका मृत नातलगाचें शेत सोडविणें आणि त्याचें नांव चालविणें. किंमत देऊन सोडविण्याला इब्रींत 'पादा' असा दुसराहि धातु आहे, पण तें काम एखादा त्रयस्थहि करूं शकतो. 'गाअल' या धातूंत नात्याची जबाबदारी गृहीत धरलेली असते. मराठींतील 'सोडविणें' हें क्रियापद या अर्थाला फार जवळचें आहे. गहाण पडलेलें शेत आपण सोडवितों आणि संकटांत सांपडलेल्या माणसालाहि सोडवितों. मराठी बायबलांत वडिलोपार्जित जमिनीसाठीं 'वतन' हा शब्द योजिला आहे, तोहि असाच समर्पक आहे. वतन म्हणजे काय, आणि तें हातचें गेलें असतां घराण्याचें काय होतें, हें महाराष्ट्रांतील वाचकाला निराळें समजावून सांगण्याची जरुरी नाहीं.

भरंवशासाठीं असलेले शब्दहि असेच रोजच्या व्यवहारांतले आहेत. 'आमन' या धातूचा अर्थ घट्ट असणें, टिकणें, आधाराला उतरणें. प्रार्थनेच्या शेवटीं येणारा 'आमेन' त्याच धातूचा. 'बाताख' म्हणजे कशावर तरी निर्धास्तपणें भार टाकणें. या शब्दांची मोठी कसोटी यशयाच्या काळीं लागली. इ. स. पूर्वी ७३५ च्या सुमारास अराम आणि उत्तरेकडील इस्राएल या दोन राज्यांनीं मिळून यहूदाच्या आहाज राजावर चाल केली. वरच्या तळ्याच्या पाटापाशीं राजाला गांठून यशयानें धीर दिला, आणि 'आमन' धातूवर श्लेष करून असें सुचविलें कीं, जो देवाचा आधार धरीत नाहीं त्याला दुसरा आधार उरत नाहीं. आहाजानें तो सल्ला बाजूला ठेविला, मंदिरांतलें सोनेंरुपें अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसर राजाकडे पाठविलें आणि त्याची मांडलिकी पत्करली.

आहाजाचा मुलगा हिज्कीया यानें ती मांडलिकी झुगारली, तेव्हां इ. स. पूर्वी ७०१ मध्यें अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. या मोहिमेचा वृत्तांत त्यानें स्वतः मातीच्या षट्कोनी स्तंभावर कोरविला असून तो ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. यहूदाचीं ४६ तटबंदीचीं शहरें घेतलीं, २,००,१५० माणसें बाहेर काढलीं, हिज्कीयाला राजधानींत कोंडलें आणि जबर खंडणी घेतली, असें तो अभिमानानें सांगतो. पण यरुशलेम घेतल्याचें मात्र सांगत नाहीं. शहर वांचलें. या सर्व काळांत मिसरच्या घोड्यांवर आणि रथांवर विसंबूं नये, शांत राहून ईश्वरावर भार टाकावा, असेंच यशयाचें सांगणें होतें.

यशयाचा उपदेश त्या प्रसंगीं खरा ठरला, आणि त्यांतूनच पुढें एक अनर्थ ओढवला. एका पिढीनें कष्टानें मिळविलेली श्रद्धा दुसऱ्या पिढीच्या गळ्यांत ताईत होऊन बसते, असें इतिहासांत अनेकदां दिसतें. सन्हेरीबाला यरुशलेम घेतां आलें नाहीं, त्या अर्थीं तें कोणालाच घेतां येणार नाहीं. देवाचें मंदिर येथें आहे, तेव्हां आपलें घर राखण्यास देव बांधलेला आहे, अशी लोकांची समजूत झाली. शंभर वर्षांनीं ती इतकी पक्की झाली होती कीं, तिला धक्का लावणें हा राजद्रोह आणि देवद्रोह दोन्ही मानला जाई. यिर्मयाच्या वांट्याला हेंच काम आलें.

यिर्मया हा अनाथोथच्या एका पुरोहित घराण्यांतला. हें गांव बन्यामीन वंशाच्या मुलखांत, यरुशलेमच्या ईशान्येस सुमारें तीन मैलांवर होतें. आजचें अनाता हें गांव त्याच्या नांवाची आठवण राखून आहे. इ. स. पूर्वी ६२७ मध्यें, योशीया राजाच्या तेराव्या वर्षीं, त्यानें संदेश सांगण्यास आरंभ केला. ६०९ मध्यें योशीया मगिद्दो येथें मिसरच्या नखो राजाच्या हातून मारला गेला, आणि थोड्याच दिवसांत यहोयाकीम गादीवर आला. त्याच्या कारकीर्दीच्या आरंभीं यिर्मयानें मंदिराच्या दारांत उभें राहून जें भाषण केलें तें इब्री धर्माच्या इतिहासांतील एक मोठें धाडसाचें कृत्य होय. मंदिराचें नांव घोकल्यानें कोणी वांचत नाहीं. परका, पोरका आणि विधवा यांच्यावरील जुलूम थांबत नसेल, तर शिलो येथील जुन्या देवस्थानाची जी गत झाली तीच या मंदिराची होईल, असें त्यानें बजाविलें. शिलोच्या उत्खननांत इ. स. पूर्वी अकराव्या शतकांतील विध्वंसाच्या खुणा मिळाल्या आहेत. तेव्हां हा दाखला श्रोत्यांना किती झोंबला असेल याची कल्पना करितां येते. पुरोहितांनीं त्याच्या देहदंडाची मागणी केली. पुढें त्याच्या स्वतःच्या गांवानेंहि त्याला सोडलें नाहीं. संदेश सांगणें थांबीव, नाहीं तर मरशील, अशी धमकी अनाथोथकरांनीं त्याला दिल्याचें त्याच्या ग्रंथांत नमूद आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण ज्या शेताची हकीकत पुढें यावयाची आहे तें याच गांवचें.

इ. स. पूर्वी ५९७ च्या मार्च महिन्यांत बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानें यरुशलेम पहिल्यांदा घेतलें. १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या बाबेलच्या बखरींत या घटनेची तिथि दिलेली आहे. तरुण राजा यहोयाखीन, त्याचे दरबारी आणि कसबी कारागीर यांना पकडून नेण्यांत आलें आणि राजाचा चुलता सिद्कीया गादीवर बसविला गेला. पुढें यिर्मया मानेवर लांकडी जूं घेऊन लोकांसमोर येऊं लागला. बाबेलचें जूं मान्य करा, असा त्याचा अर्थ होता. हनन्या नांवाच्या दुसऱ्या एका संदेष्ट्यानें भर मंदिरांत तें जूं मोडलें, आणि दोन वर्षांच्या आंत सर्व कैदी व मंदिराचीं भांडीं परत येतील असें भविष्य सांगितलें.

येथें वरवर पाहणाऱ्याला हनन्याच अधिक ईश्वरनिष्ठ वाटेल. त्याच्या तोंडीं देवाचें नांव आहे, त्याला स्वदेशाचा अभिमान आहे, त्याचा आशावाद दांडगा आहे. यिर्मयानें त्याला पहिलें उत्तर 'आमेन' असेंच दिलें. तसें घडलें तर त्यालाहि हवेंच होतें. परंतु हनन्याच्या भरंवशांत कोणाला कांहीं सोडावें लागत नव्हतें, कांहीं बदलावें लागत नव्हतें. दोन वर्षें वाट पाहिली म्हणजे काम झालें. याच सुमारास यिर्मयानें बाबेलमधील कैद्यांना जें पत्र धाडलें त्याचा सूर अगदीं वेगळा आहे. घरें बांधा, बागा लावा, मुलांचीं लग्नें करा, ज्या शहरांत तुम्हांला नेलें आहे त्याचें कल्याण इच्छा; सत्तर वर्षांनीं देव तुमची आठवण करील, असा त्या पत्राचा मथितार्थ. सत्तर वर्षें म्हणजे तें पत्र वाचणाऱ्यांपैकीं बहुतेकांचें आयुष्य संपलेलें असणार. स्वतःच्या डोळ्यांनीं न दिसणाऱ्या फळासाठीं झाड लावावयास सांगणारी ही निष्ठा होती.

सिद्कीयानें बाबेलविरुद्ध बंड केलें आणि इ. स. पूर्वी ५८८ च्या आरंभीं यरुशलेमला वेढा पडला. यहूदाचीं तटबंदीचीं शहरें एकेक करून पडत गेलीं. शेवटीं लाखीश आणि अजेका एवढींच उरलीं होतीं, असें यिर्मयाच्या ग्रंथांत म्हटलें आहे. १९३५ सालीं स्टार्की या इंग्रज संशोधकाला लाखीशच्या वेशीच्या खोलींत शाईनें लिहिलेलीं अठरा खापरें सांपडलीं. तीं एका चौकीवरील अधिकाऱ्यानें आपल्या वरिष्ठाला धाडलेलीं पत्रें आहेत. त्यांतील एकांत, आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांकडे लक्ष ठेवून आहों, अजेकाचे संकेत आम्हांला दिसत नाहींत, अशा आशयाचा मजकूर आहे. धर्मग्रंथांतील एक कोरडें वाक्य आणि मातीच्या खापरावरची ही काळजी एकमेकांशेजारीं ठेविली म्हणजे त्या दिवसांतील भय आपल्यापुढें उभें राहतें.

वेढ्यांतच एक लज्जास्पद प्रकार घडला. सिद्कीया राजा आणि शहरांतील श्रीमंत लोक यांनीं मंदिरांत शपथ घेऊन आपले इब्री दासदासी मुक्त केले. वासराचे दोन भाग करून त्यांच्यामधून चालत जाणें हा अशा शपथेचा विधि होता, तोहि त्यांनीं पाळला. इतक्यांत मिसरचें सैन्य निघाल्याची बातमी आली, बाबेलकरांनीं वेढा उठविला, आणि संकट टळलेंसें पाहून मालकांनीं सोडलेल्या दासांना पुन्हां धरून आणलें. यिर्मयाच्या सर्व उपदेशांत इतका कडक शब्द क्वचितच आढळेल. ज्यांनीं आपल्या भावाला मोकळें केलें नाहीं, त्यांना देव मोकळें करील. पण तें तरवारीला, दुष्काळाला आणि रोगराईला बळी पडण्यासाठीं, असें त्यानें सांगितलें. येथें गोएलाचा कायदा आठवावा. देवाकडून सोडवणूक मागावयाची आणि आपल्या घरांतला भाऊ मात्र बांधून ठेवावयाचा, ही विसंगति संदेष्ट्याला सहन झाली नाहीं. त्याच्या दृष्टीनें हे दोन निराळे व्यवहार नव्हतेच.

वेढा उठलेल्या त्या थोड्या दिवसांत यिर्मया वतनाच्या कांहीं कामासाठीं बन्यामीनाच्या मुलखाकडे निघाला, तों वेशीवरच त्याला फितुरीच्या आरोपावरून पकडण्यांत आलें. त्याला मार बसला, तळघरांत कोंडण्यांत आलें, आणि पुढें दरबाऱ्यांनीं त्याला चिखलानें भरलेल्या एका टांक्यांत सोडलें. तेथून त्याला काढलें तें एबद-मलेख नांवाच्या राजवाड्यांतील एका कूशी, म्हणजे आफ्रिकी, सेवकानें. दोर कांखेंत रुतूं नयेत म्हणून त्यानें जुन्यापुराण्या चिंध्या खालीं सोडल्या, हा बारकावा देखील ग्रंथकारानें टिपून ठेविला आहे. पुढें शहर पडण्यापूर्वीं यिर्मयानें या परदेशी सेवकाला जीवदानाचें आश्वासन दिलें, आणि त्याचें कारण सांगतांना 'बाताख' हाच धातु वापरला: तूं देवावर भरंवसा ठेविलास म्हणून. एबद-मलेखाच्या तोंडीं एकहि प्रार्थना ग्रंथांत नाहीं. त्याचा भरंवसा म्हणजे तो दोर आणि त्या चिंध्या.

अशा स्थितींत, वेढा पुन्हां आवळला असतां आणि यिर्मया पहाऱ्याच्या चौकांत बंदीवान असतां, त्याचा चुलतभाऊ हनमेल त्याच्याकडे आला. अनाथोथचें माझें शेत तूं विकत घे, सोडविण्याचा हक्क तुझा आहे, असें त्याचें म्हणणें. अनाथोथ तेव्हां बाबेलच्या फौजेच्या ताब्यांतील मुलखांत होतें. त्या शेताची त्या घटकेस बाजारांत कवडीहि आली नसती. शिवाय यिर्मयाला बायकामुलें नव्हतीं. लग्न करूं नये असा त्याला देवाचा आदेश होता. घेणारा कैदेंत, शेत शत्रूच्या टापांखालीं, पुढें खाणारा वारस नाहीं, आणि गांव तर त्याच्या जिवावर उठलेलें. व्यवहारी माणसानें हनमेलाला हात जोडून परत पाठविलें असतें.

यिर्मयानें तें शेत घेतलें. किंमत १७ शेकेल रुपें ठरली. यहूदांत त्या वेळीं नाणीं चालत नसत; रुपें तागडीनें तोलून देत. एक शेकेल म्हणजे सुमारें ११.४ ग्रॅम, अर्थात् आपल्या तोळ्याहून किंचित् कमी. तेव्हां साडेसोळा तोळ्यांच्या आसपास रुपें हनमेलाच्या पदरांत पडलें. ज्या शहरांत यिर्मयाला कैद्याचा वांटा म्हणून रोज एक भाकर मिळे आणि तीहि संपत आली होती, त्या शहरांत ही रक्कम थोडी नव्हे. त्यानें खत लिहून त्यावर सही केली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि चौकांत बसलेल्या सर्व यहूद्यांसमक्ष दस्तऐवज पुरा केला. खताच्या दोन प्रती होत्या: एक गुंडाळून मोहोरबंद केलेली आणि दुसरी उघडी, कोणालाहि वाचतां येईल अशी. मूळ मजकुरांत फेरफार होऊं नये म्हणून ही युक्ति असे. मिसरमधील एलेफंटाइन बेटावर इ. स. पूर्वी पांचव्या शतकांतील यहूदी वसाहतीचे जे कागद मिळाले आहेत त्यांत दोऱ्यानें बांधून मोहोर केलेलीं अशींच खतें आहेत. नंतर यिर्मयानें आपला लेखक बारूख याला सांगितलें कीं, या दोन्ही प्रती मातीच्या मडक्यांत घालून ठेव, म्हणजे त्या पुष्कळ काळ टिकतील. या देशांत घरांची, शेतांची आणि द्राक्षमळ्यांची खरेदीविक्री पुन्हां होईल, असें त्यानें त्याचें कारण दिलें.

या प्रसंगाचा खरा रंग पुढच्या प्रार्थनेंत दिसतो. खत बारूखाच्या हातीं दिल्यावर, आधीं नव्हे, यिर्मया देवाशीं बोलूं लागला. तुला अशक्य असें कांहीं नाहीं, असा त्यानें आरंभ केला. सृष्टीची उत्पत्ति, मिसरांतून सुटका, सर्व पूर्वकथा त्यानें आठविल्या. आणि अखेरीस त्याच्या तोंडून खरी गोष्ट बाहेर पडली. वेढ्याचे मोर्चे तटाला भिडले आहेत, शहर पडल्यांत जमा आहे, आणि अशा वेळीं तूं मला रुपें मोजून शेत घ्यावयास सांगतोस! उत्तरादाखल देवानें त्याचेंच पहिलें वाक्य प्रश्नाच्या रूपानें त्याच्यापुढें ठेविलें: मला खरोखर कांहीं अशक्य आहे काय? यावरून असें दिसतें कीं, यिर्मयाचा भरंवसा शंकारहित नव्हता. त्यानें आधीं किंमत मोजली आणि मग शंका विचारली. आपल्यापैकीं बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आणि शंका फिटेपर्यंत किंमत मोजण्याची वेळ निघून गेलेली असते.

इ. स. पूर्वी ५८७ किंवा ५८६ च्या उन्हाळ्यांत यरुशलेम पडलें आणि मंदिर जाळण्यांत आलें. १९८२ सालीं इगाल शिलो यांच्या नेतृत्वाखालीं तेथें झालेल्या उत्खननांत जळालेल्या थरामध्यें मातीच्या सुमारें पन्नास मोहोरा एकत्र सांपडल्या. कागदपत्रें आगींत नष्ट झालीं, पण त्याच आगींत भाजून त्यांवरच्या मोहोरा पक्क्या झाल्या. एका मोहोरेवर शाफानाचा पुत्र गमऱ्या हें नांव आहे. याच नांवाच्या अधिकाऱ्याच्या दालनांत बारूखानें यिर्मयाचीं वचनें लोकांना वाचून दाखविलीं होतीं. यिर्मया मात्र त्या शेतांत कधीं नांगर धरूं शकला नाहीं. मागें उरलेल्या लोकांचा कारभारी गदल्या याचा खून झाल्यावर पळून निघालेल्या मंडळींनीं त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध मिसरांत नेलें, आणि तेथेंच त्याची हकीकत संपते. बारूखाच्या मडक्याचा ग्रंथांत पुन्हां उल्लेख नाहीं.

इकडे बाबेलमध्यें यिर्मयाच्या पत्राप्रमाणेंच घडत होतें. १९३९ सालीं वाइडनर यांनीं प्रसिद्ध केलेल्या बाबेलच्या मृत्तिकापट्टिकांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पांच पुत्र यांना सरकारी कोठारांतून दिलेल्या तेलाची नोंद आहे. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या कांहीं पट्टिका अल-याहूदु, म्हणजे यहूदानगर, या खेड्यांतील आहेत. त्यांतली सर्वांत जुनी इ. स. पूर्वी ५७२ ची. कैदी जमीन कसतात, सारा भरतात, करार करितात, मुलांना यहोवाचें नांव गुंफलेलीं नांवें ठेवितात, असें त्यांवरून दिसतें. पोट भरत होतें. पण वतन गेलें, राज्य गेलें, मंदिर गेलें. ज्याचें सर्वस्व गेलें त्या कुळाला सोडविण्यास आतां कोणता नातलग उरला होता?

या प्रश्नाला उत्तर देणारा कवि निनांवी आहे. त्याचीं वचनें यशयाच्या ग्रंथांत ४० ते ५५ या अध्यायांत समाविष्ट असल्यामुळें विद्वान् त्याला दुसरा यशया म्हणतात; बर्नहार्ड डूम यांच्या १८९२ सालच्या भाष्यानंतर हा विभाग सामान्यतः मान्य झाला. या सोळा अध्यायांत देवाला 'गोएल' हें नांव दहा वेळां दिलेलें आहे. राजा, न्यायाधीश, सेनापति हीं देवाचीं नांवें जुनींच होतीं. या कवीनें मात्र त्याला घरचा नातलग केलें. जो विकलेल्या जमिनीसाठीं आणि बांधलेल्या भावासाठीं पुढें येण्यास कायद्यानें आणि रक्तानें बांधलेला, तो देव. त्याची भाषाहि कचेरींतली आहे. सोडचिठ्ठी आणि सावकार यांचे दाखले घेऊन तो म्हणतो कीं, हे लोक कोणत्याहि धनकोला कर्जापोटीं विकलेले नाहींत. ते आपल्या अपराधांमुळें गेले, फुकट गेले, आणि रुप्यावांचूनच सोडविले जातील. मग किंमत कोणी भरावयाची? याच अध्यायांत इतरांचा भार निमूटपणें वाहणाऱ्या एका सेवकाचें चित्र आहे. यहूदी परंपरा सामान्यतः त्यांत इस्राएल राष्ट्र पाहते, ख्रिस्ती परंपरा येशूला पाहते. तो वाद बाजूला ठेविला तरी एवढें निश्चित कीं, सोडवणूक फुकट होत नाहीं, कोणाला तरी ती सोसावी लागते, ही जुन्या कायद्यांतली जाणीव कवीनें सोडलेली नाहीं.

या कवीची दुसरी धिटाई अशी कीं, या सोडवणुकीचें साधन म्हणून त्यानें इराणच्या कोरेश राजाचें, ग्रीक ज्याला सायरस म्हणत त्याचें, नांव घेतलें आणि त्याला अभिषिक्त ही पदवी दिली. कोरेशानें इ. स. पूर्वी ५३९ च्या ऑक्टोबरांत बाबेल घेतलें. १८७९ सालीं होर्मुझ्द रस्साम यांना बाबेलच्या अवशेषांत सांपडलेल्या त्याच्या मृत्तिकालेखांत या विजयाचें श्रेय बाबेलच्या मार्दुक देवाला दिलें आहे. यहूदाचें नांव त्यांत नाहीं. एकच घटना, आणि तिच्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टि. विजेत्याला ती राजनीति वाटली. कैद्यांच्या कवीला ती आपल्या नातलगानें भरलेली किंमत वाटली.

परत आलेल्या लोकांची यादी एज्रा आणि नहेम्या यांच्या ग्रंथांत दिलेली आहे. एकूण संख्या ४२,३६०. त्यांत गांववार आंकडे आहेत, आणि त्यांत एक नोंद अशी: अनाथोथचीं माणसें १२८. नहेम्याच्या ग्रंथांत पुन्हां वसलेल्या बन्यामीनी गांवांतहि अनाथोथचें नांव येतें. ज्यांच्या वाडवडिलांनीं यिर्मयाला ठार मारण्याचा बेत केला होता, त्यांच्याच गांवीं पुन्हां माणसें नांदूं लागलीं. खरेदीखताला साक्ष मिळाली ती या १२८ जणांची.

पण इब्री ग्रंथकार येथेंच थांबून गोड शेवट करीत नाहींत. इ. स. पूर्वी ४४५ च्या सुमारास नहेम्या यरुशलेमला आला, तों परत आलेल्यांतलेच श्रीमंत लोक दुष्काळांत गरिबांचीं शेतें गहाण घेत होते आणि त्यांचीं मुलें दास करीत होते. परक्यांच्या हातून आम्हीं ज्या भावांना सोडविलें त्यांनाच तुम्ही पुन्हां विकतां काय, असा त्यानें भर सभेंत सवाल केला, आणि शेतें, द्राक्षमळे व व्याज परत करण्याची त्यांच्याकडून शपथ घेतली. वेढ्यांत सिद्कीयाच्या सरदारांनीं मोडलेली शपथ दीडशें वर्षांनीं पुन्हां घ्यावी लागली. देवानें केलेली सोडवणूक माणसांच्या हातीं टिकावयाची, तर ती दर पिढीला आपल्या भावाच्या बाबतींत नव्यानें करावी लागते.

यहूदी लोकांच्या वार्षिक पाठक्रमांत ही सांगड आजहि कायम आहे. गोएलाच्या कायद्याचा लेवीयांतील भाग ज्या शब्बाथीं स्वतंत्रपणें वाचला जातो, त्या दिवशीं त्याला जोडून यिर्मयाच्या या शेतखरेदीचा भाग वाचण्याची रीत आहे. त्यांच्या नित्याच्या प्रार्थनेंत देवाची स्तुति इस्राएलाचा गोएल या नांवानें केलेली असते. कोंकणांतून मुंबईस आलेल्या मराठी बोलणाऱ्या बेने-इस्राएल मंडळींनीं १७९६ सालीं आपलें पहिलें सभास्थान स्थापिलें. तेव्हां हा शब्द आपल्या प्रांतालाहि नवीन नाहीं. तो ऐकतांना त्याच्या मागें तागडीनें तोललेलें सतरा शेकेल रुपें आहे, आणि तें मोजून देणारा मनुष्य कैदेंत होता, एवढें स्मरण ठेविलें म्हणजे संदेष्ट्यांचा उद्धार आणि त्यांचा भरंवसा या दोहोंचा अर्थ हातीं लागतो.